रज्जाकच्या भट्टीचा धूर

१

चिमणी बसवणं म्हणजे चार पाईप एकावर एक ठेवणं, असं ज्याला वाटतं त्यानं घरात चूल पेटवू नये, पोळीभाजी केंद्रात जाऊन जेवावं. हे कमळाकरचं बोलणं. तो ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलायचा, म्हणून त्याला गिऱ्हाईक बेताचंच होतं. पावण्याला कारखान्यांच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं दुकान. बापाची शेती त्या कारखान्यांखाली गेली आणि पोरगा त्याच कारखान्यांना पत्रे वाकवून देऊ लागला. आता तोही म्हातारा झाला होता, पण दुकान बंद करा असं म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती.

त्याच्या कामाचे कायदे ठरलेले. वरच्या पाईपाचं तोंड खालच्याच्या पोटात गेलं पाहिजे. अडाणी लोक उलटं करतात. धूर वर जातो ना, मग खालचा वरच्यात घाला, असं त्यांना वाटतं. धूर वर जातो हे खरं, पण त्याचा चिकट काट डांबरासारखा खाली ओघळतो आणि उलट्या जोडातून भिंतीवर येतो, आणि मग एक दिवस तो काटच पेटतो. लाकडापासून, कपड्यापासून पाईप हातभर लांब. पाईपाच्या टोकाची टोपी आजूबाजूच्या छपरांपेक्षा उंच. आणि सगळ्यात शेवटी, पहिल्या जाळाचा धूर टोपीतून बाहेर पडताना डोळ्यांनी बघायचा. तो दिसल्याशिवाय हत्यारं पिशवीत जायची नाहीत.

"धूर कुठंतरी जातोच," तो म्हणायचा. "भायेर नाय गेला तर तो आत हाय. आनि आतला धूर झोपलेल्या मानसाला उठवत नाय. तसाच घेऊन जातो."

शिरवण्याच्या रज्जाकची बेकरी त्याच्या ओळखीतली. दोघं एका वयाचे, एकमेकांना शिव्या देण्याइतके जुने. बेकरीची भट्टी लाकडाची. तिचं जुनं धुराडं बाजूच्या भिंतीतून गल्लीत निघायचं, ते गंजून चाळण झालं होतं. मागे टॉवर उभा राहिला, आणि धूर थेट त्याच्या खिडक्यांत जाऊ लागला. तक्रारी झाल्या. पालिकेची माणसं येऊन तोंडी सांगून गेली की धूर वर काढा, नाहीतर भट्टी विझवा. भट्टी विझली असती तर रज्जाकचं घर विझलं असतं, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

२

"खोलीतनं पाईप नेऊ नको," कमळाकर म्हणाला.

"मग काय माझ्या डोक्यावरून नेऊ?" रज्जाक म्हणाला. "एका बाजूला गटार, दुसरीकडे दुसऱ्याची भिंत. वरच्या खोलीतूनच जाईल तो. तुला जमत नसेल तर सांग, दुसरा बघतो."

"दुसरा बघशील तर दुसऱ्या दिवशी मयत बघशील."

वरच्या खोलीत रज्जाकची सून कैनात राहायची, तिचं तान्हं पोर घेऊन. पोराचं नाव रायान. पोराचा बाप तौहीद जहाजावर होता. खोलीला एकच खिडकी, आणि ती टॉवरकडे, म्हणून कायम बंद. त्या बंद खोलीत आई आणि पोर झोपणार, आणि त्यांच्या उशापासून हातभर अंतरावरून भट्टीचा सगळा धूर जाणार. कमळाकरनं ती खोली बघितली, पाळणा बघितला आणि काम घेतलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते जावं असं त्याला वाटलं नाही.

काम त्यानं जीव लावून केलं. आठ इंची जाड पत्र्याचे पाईप स्वतः वाकवले. प्रत्येक जोडाला स्क्रू मारले, वरून भट्टीची माती लिंपली. दोन्ही स्लॅबमधून जाताना पाईपाभोवती दुसरा मोठा पाईप घालून मधे ताप अडवणारी ग्लासवूल ठासली. खोलीत पाईपाला जाळीचा पिंजरा केला, पोराचा हात लागू नये म्हणून. खोलीतला एक जोड मुद्दाम सरकता ठेवला. स्क्रू काढले की वरचा पाईप वीतभर उचलता येईल, साफसफाईला बरं. भट्टीच्या बाजूला खाली झाकण ठेवलं, काट काढायला.

शेवटी त्या झाकणातून हात घालून त्यानं आरसा तिरका धरला. आरशात वरपर्यंत सरळ नळी दिसली आणि टोकाला निळ्या आभाळाची टिकली.

"ये गो पोरी, बघ," त्यानं कैनातला बोलावलं. "यो तुझ्या पाईपातला आभाल."

ती पोर काखेत घेऊन वाकली. "किती लांब दिसतंय काका."

"लांब कसला? तुझ्या डोक्यावर तर हाय."

मग त्यानं कागद पेटवून झाकणाशी धरला. थंड चिमणी आधी गरम करावी लागते, नाहीतर धूर खाली उलटतो. कागदाची ज्योत आडवी झाली आणि सुर्रकन आत ओढली गेली. कागदही हातातून गेला. इतकी ओढ त्यानं उभ्या जन्मात बघितली नव्हती.

"काय खेचते रे!" रज्जाक टाळी वाजवून म्हणाला.

भट्टी पेटवली. लाकूड जासईच्या कंटेनर यार्डातलं, फोडलेल्या खोक्यांचं. रंगवलेलं लाकूड जाळू नको म्हणून कमळाकरनं त्यातले निळे तुकडे शिव्या देत बाजूला फेकले. जाळ धरला. बेकरीत धुराचा कण नाही. भट्टीवाला डोळे न चोळता उभा होता, ते बघूनच रज्जाकला हसू येत होतं.

कमळाकर धूर बघायला गच्चीवर गेला. हिवाळ्यातली कोरडी दुपार, वारा नाही, आभाळ लख्ख. टोपी चकाकत होती.

तिच्यातून काहीच निघत नव्हतं.

३

सुक्या लाकडाला, चांगल्या ओढीला धूर कमी दिसतो. हे त्यालाही माहीत होतं. जाळ नीट लागला की धुराचा नुसता उष्ण वारा होतो. तेव्हा तो जिना उतरून खाली आला आणि एक ओली गोणी भट्टीत टाकायला सांगितली. गोणीचा धूर म्हणजे पिवळा, जाड, डोळ्यांत बोटं घालणारा. तो भट्टीच्या तोंडातून वळून पाईपात शिरताना त्यानं स्वतः बघितला. गुडघ्यांना शिव्या देत परत वर गेला.

टोपी रिकामी. त्यानं तिच्यावर तळहात धरला. भट्टी धडधडून पेटलेली असताना चिमणीच्या तोंडाशी हात धरवत नाही. इथं पत्रा गार होता. सावलीत ठेवलेल्या हंड्यासारखा गार.

"ओ काका!" मागच्या टॉवरमधून हाक आली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब उभे होते, बनियनवर. तक्रारीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. "मानलं तुम्हाला! धूर बिलकुल नाही. इतकी वर्षं आम्ही ह्या खिडक्या उघडल्या नव्हत्या!"

"भट्टी चालू हाय," कमळाकर ओरडला.

"हो ना! तेच तर म्हणतोय!"

रज्जाकनं नानकटाईचं पाकीट काढून ठेवलं, सोसायटीला द्यायला. रावसाहेब ते न्यायला स्वतः बेकरीत आले. चहा झाला. पावाची पहिली लादी बाहेर निघाली, खरपूस, एकसारखी फुगलेली. सगळे खूश. असा दिवस शिरवण्याच्या त्या गल्लीत कधी उगवला नव्हता.

कमळाकरनं चहा घेतला नाही. त्याची पिशवी उघडी होती आणि हत्यारं जमिनीवर पडलेली होती.

"आता काय राहिलं?" रज्जाकनं विचारलं.

"धूर नाय दिसला."

"अरे, तोच तर नको होता सगळ्यांना!"

"नको होता म्हनून नायसा होतो का? मना सांग, कुठं गेला?"

रज्जाकनं रावसाहेबांकडे बघून कपाळाला बोट लावलं.

४

कुठेतरी गळत असणार. दुसरं काय? कमळाकर वर खोलीत गेला. कैनात पोराला मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं तिच्याकडून उदबत्ती मागितली, पिंजरा उघडला आणि जळती उदबत्ती प्रत्येक जोडाभोवती हळूहळू फिरवली. जोड फुटका असला की उदबत्तीचा धूर थरथरतो. इथं तो सरळ वर गेला. स्लॅबच्या कडेनंही सरळ. भिंतीला नाक लावलं. चुन्याचा वास, पोराच्या तेलाचा वास, बाकी काही नाही. त्यानं पोराचे ओठ बघितले, नखं बघितली. गुलाबी. पोर त्याची मिशी ओढायला बघत होतं.

मग त्यानं फडकं धरून पाईपाला हात लावला. जमिनीलगत चटका बसला. कमरेएवढ्या उंचीवर चटका. सरकत्या जोडाच्या खालपर्यंत चटका. आणि जोडाच्या वर पाईप गार.

हळूहळू गार नव्हे. पत्रा तापला की ताप वर चढत जातो, कमी कमी होत जातो, हे पोरसुद्धा सांगेल. इथं एक बोट पोळत होतं आणि त्याच्या शेजारचं बोट गार पत्र्यावर होतं.

"काका," कैनात म्हणाली, "एक विचारू? हसणार नाही ना?"

"मी कवा हसलोय?"

"पाईपातून कुणीतरी खोकतं."

"पत्रा तापला की वाजतो. टक टक करतो."

"टक टक वेगळं. ते पण येतं. हे खोकणं आहे." तिनं आवाज खाली घेतला. "अब्बांना सांगितलं तर म्हणाले, बाळंतपणानंतर असं होतं."

कमळाकरनं कान पिंजऱ्याला लावला. खाली जाळाची घरघर. पत्र्याची टकटक. बाहेर कुठेतरी रिक्षा. तो बराच वेळ तसा उभा राहिला. मग घरघरीच्या पलीकडून, खूप लांबून, तोंडावर पदर धरून खोकावं तसं काहीतरी आलं आणि थांबलं.

टॉवरमधलं असेल, तो म्हणाला. नळी आवाज कुठूनही आणते.

"टॉवर त्या बाजूला आहे ना?" कैनात बंद खिडकीकडे बोट करून म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी निवलेली होती. सकाळचे पाव गेले होते, संध्याकाळच्या खारीला वेळ होता. कमळाकर पावण्याहून बस बदलत आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं खालचं झाकण काढलं, आरसा घातला.

आभाळाची टिकली नव्हती. तिथं पांढरं होतं.

त्यानं आरसा पुसून परत धरला. टोकाला गोल पांढरा तुकडा, आणि त्यात लोखंडी कडी. छताला असते तशी कडी, पाळण्याची. तिच्या बाजूला पंख्याचं एक पातं, बंद. चुना दिलेलं छत होतं ते. खाली उताणं झोपल्यावर दिसतं तसं.

माणसाची अक्कल मोठी हुशार असते. न पटलेल्या गोष्टीला ती लगेच खुंटी शोधते. आरसा तिरका झाला असेल, बेकरीचंच छत पकडलं असेल. त्यानं मान वर केली. बेकरीचं छत काजळीनं काळं. मग कैनातच्या खोलीचं? पाईप तिथं बंद होता, पण तरी तो वर जाऊन बघून आला. तिथला स्लॅब आकाशी रंगाचा, पंखा तपकिरी, आणि पाळणा स्वतःच्या लाकडी पायांवर उभा. छताला कडीच नव्हती.

तो गच्चीवर गेला. टोपी काढली आणि वरून नळीत बघितलं. खाली अंधार, आणि तळाला उघड्या झाकणाचा उजेड. सरळ, मोकळी नळी. त्यानं एक खडा टाकला. खडा टणटण करत खाली गेला आणि बेकरीत पडल्याचा आवाज आला. खाली येऊन बघितलं, तर खडा झाकणाशी पडलेला होता.

त्यानं पुन्हा आरसा घातला. पांढरं छत, कडी, पातं.

"काय दिसतंय?" रज्जाक पीठ झाडत मागे आला.

"तूच बघ."

रज्जाक वाकला, एक डोळा मिटून त्यानं आरशात बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग उठून हात पुसले.

"आभाळ आहे," तो म्हणाला. "पांढरं. ढग आले असतील."

बाहेर एक ढग नव्हता, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

६

घरी त्याच्या बायकोनं, पुतळानं, ताट वाढलं. सुकटीचं कालवण होतं. तो नुसता भात चिवडत बसला.

"काय झाला?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. छताचं सांगितलं नाही, फक्त धूर आत जातो आणि बाहेर निघत नाही, एवढंच.

"पोरीला तरास हाय?"

"नाय."

"तिच्या पोराला?"

"नाय. मजेत हाय."

"बेकरीत धूर हाय?"

"नाय."

"आनि त्या बिल्डिंगवाल्यांना?"

"तेपन खूश."

"मंग?" पुतळा म्हणाली. "आपल्या घरात पन नाय. गेला आसंल कुठंतरी. जेव गप."

ती वाईट बाई नव्हती. गल्लीतल्या आजाऱ्याला पहिली पेज तिच्या घरून जायची. कमळाकरनं तिच्याकडे बघितलं आणि जेवला.

पण तो जात राहिला. भट्टी निवायच्या वेळेला जायचा आणि झाकण उघडायचा. छत आधी पिवळट झालं, चहा सांडलेल्या कापडासारखं. मग राखाडी. कडीभोवती काजळीचं वर्तुळ धरलं. पंख्याच्या पात्यावर काळी लव आली. रज्जाकची भट्टी रोज जळत होती, आणि कुणाचं तरी छत रोज काळं होत होतं.

एकदा बघता बघता पातं हललं. कुणीतरी पंखा लावला होता. तो जड फिरला, कण्हत फिरला, दोन-चार वेढे घेऊन थांबला. मग पात्याच्या टोकाला एक फडकं दिसलं. काठीला बांधलेलं फडकं. ते छत पुसत होतं. पुसून पुसून त्यानं हाताच्या पंजाएवढी जागा पांढरी केली आणि ते खाली गेलं.

त्या संध्याकाळी खारीची भट्टी लागली.

७

"भट्टी बंद कर," कमळाकर म्हणाला.

"आणि खाऊ काय? तुझे पत्रे?"

"रज्जाक, पल्याड मानसं हायत."

"कुठं पल्याड?" रज्जाक भडकला. पण आवाज मात्र त्यानं चढवला नाही, गिऱ्हाईक उभं होतं. "तू काम केलंस. बेस्ट केलंस. धूर माझ्या घरात नाही, शेजाऱ्याच्या घरात नाही. माझी सून, माझा नातू सुखरूप झोपतो. तूच म्हणायचास ना, धूर आत राहता कामा नये म्हणून? मग आता तुला काय पाहिजे?"

"तू बघितलास आरशात."

"मी ढग बघितले." रज्जाकनं नजर दुसरीकडे नेली. "माझ्या घरात तान्हं पोर आहे, कमळाकर. मी ढगच बघितले."

अखेर ठरलं ते असं. शुक्रवारी नमाजाच्या वेळेला भट्टी पूर्ण विझवायची. कमळाकरनं खोलीतला जोड उघडायचा, आतून साफ करायचा, आणि काही दोष दिसला तर दाखवायचा. नाही दिसला तर परत ह्या विषयाचं नाव काढायचं नाही.

शुक्रवारी रज्जाक टोपी घालून मशिदीत गेला. भट्टीवालाही गेला. कैनात पोराला ऊन द्यायला गच्चीवर गेली. बेकरीत, खोलीत, जिन्यात कुणी नव्हतं. भर दुपार होती. बंद खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी पाळण्यावर पडली होती.

कमळाकरनं पिंजरा काढला. स्क्रू सोडले. माती खरवडली. दोन्ही हातांनी वरचा पाईप धरून तो वीतभर उचलला आणि खाली लाकडाची ढपली लावून ठेवली.

खालच्या पाईपातून निवलेल्या राखेचा वास आला. ठीक होतं ते. वरच्यातून वास आला तो राखेचा नव्हता. बंद खोलीचा वास. गोधड्या, औषध, शिळं पाणी, आणि ह्या सगळ्यावर बसलेला जुना धूर.

तो गुडघ्यांवर बसला आणि वरच्या तोंडात आरसा धरला. काळं. छत नाही, कडी नाही, सगळं एकजात काळं. खोकला नव्हता. त्यानं कान दिला. श्वास ऐकू येत होता, पण त्याचाच असेल, म्हाताऱ्या छातीला आवाज असतोच.

"कोन हाय?" तो पाईपात म्हणाला. आपण हे मोठ्यानं म्हणालो ह्याची त्याला लाज वाटली.

वर काहीतरी सरकलं. पत्र्याला आतून कापड घासावं तसं, वरून खाली येणारं. खडा पडतो तसं नव्हे. थांबत, चाचपत येणारं.

मग वरच्या पाईपाच्या कडेवरून चार बोटं बाहेर आली.

ती काळी होती, पण जळलेली नव्हती. काजळीचा थर होता नुसता, आणि बोटं वाकली की पेरांवर तो थर तडकून आतली फिकी कातडी दिसत होती. बाईची होती का मोठ्या पोराची, हे कमळाकरला तेव्हाही कळलं नाही. ती बोटं कडेवरून फिरली. अंधारात माणूस दाराची कडी शोधतं तशी फिरली. मग त्यांना कड सापडली. घट्ट धरली. वरचा पाईप कमळाकरच्या डोळ्यांदेखत तसूभर आणखी वर उचलला गेला, आणि त्या फटीतून धूर उतरू लागला.

भट्टी विझलेली असताना धूर येत नसतो, खाली तर नाहीच. हा आला. जड, गार, पिठासारखा. जमिनीवर पसरला आणि पाळण्याच्या पायांना लागला.

"काका?" जिन्यावरून कैनातचा आवाज आला. "ऊन फार झालं, ह्याला झोपवते मी." पोर कुरकुरत होतं. तिच्या सपाता पायरीपायरीनं खाली येत होत्या.

कमळाकरला वाटलं होतं की आपण एकदा बघितलं की आपल्याला कळेल काय करायचं ते. जन्मभर त्याला कळत आलं होतं. आता त्याच्या एका हाताला त्या बोटांचा पाईप होता, आणि जिन्यात पोर आलं होतं, आणि खोलीला एकच खिडकी होती आणि ती बंद होती.

त्यानं ढपली लाथेनं उडवली आणि दोन्ही हातांनी पाईप खाली दाबला.

बोटं आत गेली. आपणहून गेली. तो अजून स्वतःला असंच सांगतो.

८

नमाजाहून येऊन रज्जाकनं विचारलं, "दोष सापडला?"

"नाय," कमळाकर म्हणाला. त्याचे हात मातीनं भरलेले होते. जोडाला त्यानं होते त्याच्या दुप्पट स्क्रू मारले होते आणि माती इतकी जाड लिंपली होती की आता तो जोड सरकता राहिला नव्हता.

"बघ, सांगत होतो तुला." रज्जाकनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी ठेवला. "टेन्शन घेतो उगाच."

भट्टी पेटली. कमळाकर गच्चीवर जाऊन उभा राहिला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो उभा राहिला आणि थोड्या वेळानं टोपीखालून धुराची एक करडी काडी निघाली. मग दोरी झाली. मग सरळ, जाड, चांगला लाकडाचा धूर वर चढू लागला, छपरांच्या वर, टॉवरच्याही वर. कोणत्याही चिमणीचा निघावा तसाच. त्यानं टोपीजवळ हात नेला आणि पोळून मागे घेतला.

समोर रावसाहेबांनी खिडकी उघडली. "अहो! हे काय? आता धूर यायला लागला!"

"वर जातोय," कमळाकर म्हणाला. "तुमच्या घरात नाय जात."

"हां, ते ठीक आहे." रावसाहेबांनी धुराकडे मान वर करून बघितलं. "पण मग इतके दिवस कुठे जात होता?"

चेष्टेत विचारलेला प्रश्न होता तो, आणि रावसाहेब उत्तरासाठी थांबलेही नाहीत.

खाली उतरताना तो खोलीशी थांबला. कैनातनं पोराला पाळण्यात घातलं होतं आणि स्वतः पिंजऱ्याला कान लावून उभी होती. त्याला बघून ती हसली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसला होता.

"काका, काहीच आवाज नाही आता. एकदम शांत. तुम्ही काढलंत का त्यात अडकलेलं?"

त्याला तिचा चेहरा बघवेना. पाळण्यात पोर मुठी उघडून झोपलं होतं. त्याच्या बोटांचं एकेक पेर, एकेक नख उन्हाच्या पट्टीत लालसर दिसत होतं.

"खिडकी उघड गो पोरी," तो म्हणाला. "आजपासून रोज उघडी ठेव."

"धूर येईल ना?"

"येऊ दे जरासा," कमळाकर म्हणाला, आणि हत्यारं तिथंच ठेवून जिना उतरला.